परसबाग प्रकल्पाच्या नोंदी : शैक्षणिक वर्ष २०२४-२५

शाळा यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावाची असून वर्ग पहिली ते सातवी आणि पट ६१ आहे. पाचवी ते सातवीला गणित व विज्ञान मी शिकवते आणि या नोंदीही मीच ठेवते आहे. मुलांची नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत.

५ जुलै २०२४

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. यंदा १ जुलैला घंटा झाली आणि पहिल्याच आठवड्यात परसबागेची जागा ठरवली. स्वयंपाकघराच्या मागे १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद पट्टा मोकळा आहे. मुलांनी दोरीने मोजून क्षेत्रफळ ९६ चौरस मीटर काढले. हातपंप तेथून वीस पावलांवर आहे आणि ताटे धुतलेले पाणी उताराने त्याच बाजूला वाहते.

गेल्या वर्षीचा अनुभव येथे लिहून ठेवणे भाग आहे. तेव्हाही बाग केली होती. वाफे मजुराकडून घालून घेतले, रोपे विकत आणली, कुंपणाला रंग दिला, छायाचित्रे पाठवली आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळे वाळून गेले. मुलांना त्याचे फारसे वाईट वाटले नाही, कारण त्यात त्यांचे काही नव्हतेच. शाळांतील पोषण परसबागांविषयी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या. तेव्हापासून बाग कागदावर सगळीकडे आहे, पण ती कोणाची हा प्रश्न सूचनांनी सुटत नाही. यंदा काय पेरायचे, कुठे पेरायचे आणि कोणी काय करायचे हे पाचवी ते सातवीची मुले ठरवतील, आणि त्यांचा निर्णय मला चुकीचा वाटला तरी धोका नसेल तर मी तो बदलणार नाही, असे मी स्वतःशी ठरवले आहे. हे पाळणे किती अवघड जाईल, याची आज मला कल्पना आहे असे वाटते.

१२ जुलै २०२४

माती तपासली. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि बाकी पाणी घालून बरणी जोराने हलवली व खिडकीत ठेवली. जाड रेती मिनिटाभरात तळाशी बसली आणि तिच्यावर पोयट्याचा थर दुपारपर्यंत आला, मात्र पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होते. चिकणमातीचे बारीक कण खाली बसायला किती वेळ घेतात, हे मुलांनी बरणीसमोर रोज उभे राहून पाहिले. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा का पडतात आणि पावसाळ्यात तिच्यात पाय का रुततो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या गढूळ पाण्यात होते. ही चिकणमाती पाणी घेऊन फुगते आणि वाळली की आकसते.

बियांची उगवणही तपासली. प्रत्येक वाणाच्या वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. बरबटीच्या (चवळीच्या) १७ उगवल्या, म्हणजे ८५ टक्के. एका मुलाने घरून आणलेल्या, कधीच्या तरी पडून राहिलेल्या भेंडीच्या वीसपैकी फक्त ६ उगवल्या. सातवीत शेकडेवारीचे धडे मी अनेक वर्षे शिकवत आले आहे, पण ‘तीस टक्के’ हा आकडा ऐकून मुलांचे चेहरे पडलेले मी आज प्रथमच पाहिले.

१९ जुलै २०२४

पेरणी झाली. बरबटी, भेंडी, दोडके, दुधी भोपळा आणि मेथी पेरली असून वांग्याची व भेद्रांची (टोमॅटोची) रोपे वेगळ्या वाफ्यात टाकली आहेत. भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून गादीवाफे (उंच वाफे) करावेत असे मी सुचवले. सहावीच्या मुलांनी ते मानले, परंतु सातवीच्या गटाने मेथीसाठी सपाट वाफाच हवा असा आग्रह धरला, कारण त्यांच्या घरी मेथी सपाट वाफ्यातच घेतात. घरची मेथी हिवाळ्यात होते, हे मला ठाऊक होते. मी बोलले नाही.

प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो नाळक्यासारखा (नरसाळ्यासारखा) उलटा बसवून पर्जन्यमापक केला. बाटलीचा तळ उंचसखल असतो, तेव्हा तेवढा भाग खडे व पाण्याने भरून घेतला आणि त्या पातळीवर शून्याची खूण केली.

२९ जुलै २०२४

चार दिवस झड लागली होती. काल सकाळी पर्जन्यमापकात ३२ मिलिमीटर पाणी होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे सूत्र वापरून मुलांनी हिशेब केला : ९६ गुणिले ३२, म्हणजे आपल्या बागेवर एका दिवसात ३,०७२ लिटर पाणी पडले. आपली बादली पंधरा लिटरची आहे, त्यामुळे हे दोनशे पाच बादल्यांएवढे झाले. एवढे पाणी हातपंपावरून आणायचे तर काय होईल, यावर बराच वेळ चर्चा झाली.

मेथी सडली. सपाट वाफ्यात पाणी साचून तीन दिवसांत रोपे पिवळी पडली आणि आडवी झाली. सातवीच्या गटाने स्वतःच शेजारच्या गादीवाफ्याची उंची मोजून वहीत लिहिली (१८ सेंटिमीटर) आणि तिच्यापुढे ‘बरबटी जिवंत’ असा शेरा दिला. मी त्यांना आधीच सांगून मेथी वाचवली असती तर हा शेरा आला नसता, असे मला वाटते. तरीही पावशेर बियाणे वाया गेले याची चुटपुट आहेच, आणि ते बियाणे माझ्या पैशाचे होते हेही प्रामाणिकपणे लिहिते.

८ ऑगस्ट २०२४

आज निंदण करताना दोन गोष्टी घडल्या. एक आनंदाची, दुसरी धडकी भरवणारी.

सहावीतील एक मुलगी कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून येते. वर्गात ती विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारल्यावरही एका शब्दात उत्तर देते. मुले वाफ्यांतील तण उपटून धुऱ्यावर फेकत होती, तेव्हा ती एकदम म्हणाली, “हे निंदून काहून फेकता? हे तं खातेत.” तिने फेकलेल्या ढिगातून तरोटा, घोळ, केना आणि काटेमाठ वेगळे केले, कोणत्याचा फक्त कोवळा शेंडा घ्यायचा आणि कोणते पाणी काढून शिजवायचे ते सांगितले. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी तिला दुजोरा दिला. मधल्या सुट्टीनंतर फळ्यावर चार वनस्पती काढल्या, मराठी नावाशेजारी तिने सांगितलेले कोलामी नाव देवनागरीत लिहिले आणि उच्चार बरोबर होईपर्यंत तिने मला तीनदा दुरुस्त केले. वर्गासमोर शिक्षकाची चूक काढण्याची तिची ही पहिली वेळ असावी. भाजी म्हणून काहीही खाण्याआधी मोठ्या माणसाला दाखवायचे, हा नियम लगेच फळ्यावर लिहिला, कारण उत्साहाच्या भरात पोरे काय तोंडात घालतील याचा नेम नाही.

दुसरी गोष्ट अशी की पाचवीतील एक मुलगा पाणी घालायला घरून एक रिकामा डबा घेऊन आला होता. तो कीटकनाशकाचा होता, त्यावर लाल त्रिकोणाची खूण स्पष्ट दिसत होती. “मॅडम, आमी तं या डब्यात निसतं पाणीच भरतो,” असे तो अगदी सहज म्हणाला. डबा काढून घेतला, त्याचे हात साबणाने धुतले आणि संध्याकाळी त्याच्या घरी गेले. २०१७ च्या खरिपात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, ही गोष्ट गावात कोणी विसरलेले नाही, तरीही रिकामा डबा टाकून देणे कोणाच्याही जिवावर येते, कारण तो मजबूत असतो. रागावून उपयोग नव्हता. डबा ठोकून भोके पाडायचा आणि पुन्हा वापरायचा नाही, एवढे मुलाच्या वडिलांनी मान्य केले. पुढच्या आठवड्यात प्रत्येक मुलाने आपल्या घरी असे किती डबे कशासाठी वापरले जातात ते मोजून यायचे आहे. शाळेच्या बागेत रासायनिक औषध येणार नाही, हे आता मुलांचेच ठरले आहे.

२२ ऑगस्ट २०२४

बरबटीच्या शेंड्यांवर मावा आला. जुलैत गोळा करून सावलीत वाळवलेल्या निंबोळ्या कामी आल्या. एका लिटरला पन्नास ग्रॅम या प्रमाणात दहा लिटरसाठी अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या, फडक्याने गाळल्या, किंचित साबण मिसळला आणि ऊन उतरल्यावर फवारणी केली. प्रमाणाचे गणित मुलांनी केले आणि पहिल्या वेळी एक शून्य चुकवले.

पण आजची खरी नोंद वेगळी आहे. काल दोन मुलांनी पानांवरून ‘काटेरी, काळे-केशरी किडे’ वेचून पायाखाली चिरडले आणि मोठ्या अभिमानाने मला संख्या सांगितली : एकवीस. आज भिंगातून त्यातला एक वाचलेला किडा दाखवला. तो अगदी लहानशा मगरीसारखा दिसतो आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याने एकापाठोपाठ एक मावा खाल्ला. तो ढालकिड्याची अळी होता. ठिपक्यांचा लाल ढालकिडा सगळ्यांच्या ओळखीचा असतो, त्याची अळी मात्र कोणी ओळखत नाही. बराच वेळ कोणी बोलले नाही, मग त्या दोघांतला एक म्हणाला, “मंग आमी आपलेच शिपाई मारले.” या मुलांना जीवनचक्राची आकृती मी गेल्या वर्षी फळ्यावर काढून दाखवली होती आणि परीक्षेत त्यांनी ती बरोबर काढली होती.

४ सप्टेंबर २०२४

परवा पोळा आणि काल तान्हा पोळा झाला, त्यामुळे हजेरी आजही कमीच आहे. लाकडी बैलांना मुलांनी बागेतल्या दोडक्याच्या वेलाची पिवळी फुले बांधली होती. तेवढी फुले गेल्याने दोडके कमी लागतील का, असा प्रश्न आज आला. नरफूल आणि मादीफूल वेगळे असते, मादीफुलामागे बारीक दोडका आधीच असतो, हे पाहिल्यावर ‘मंग फक्त नरफुलं तोडायची’ हा नियम पुढच्या तान्ह्या पोळ्यासाठी लिहून ठेवला. भेंडीच्या दोन झाडांची पाने पिवळ्या शिरांची झाली आहेत. हा केवडा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो, म्हणून ती झाडे उपटली.

१८ सप्टेंबर २०२४

पहिली मोठी तोडणी झाली. बरबटी आणि भेंडी मिळून २ किलो १५० ग्रॅम भरली.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळावी, असे केंद्राचे प्रमाण आहे. आमच्याकडे लहान ३९ आणि मोठी २२ मुले आहेत. ३९ गुणिले ५० म्हणजे १,९५० ग्रॅम, २२ गुणिले ७५ म्हणजे १,६५० ग्रॅम, एकूण ३ किलो ६०० ग्रॅम. दोन महिने राबून आम्ही एका दिवसाच्या साठ टक्केही भाजी पिकवली नव्हती. मुले हिरमुसली. मावशींनी मात्र दुकानातून आणलेल्या भाजीत ती मिसळली आणि ‘आज आपली बरबटी’ असे सांगून वाढले. ताटांत उष्टे राहिले नाही.

मापाड्याचे काम पाचवीतल्या एका मुलाने मागून घेतले आहे. त्याला वाचन जड जाते आणि मोठ्याने वाचायची वेळ आली की तो पाणी प्यायला जातो. वजनकाट्यावर तो कोणालाही हात लावू देत नाही. आज त्याने दोन किलो पन्नास ग्रॅम वजन २.५० असे लिहिले. महिन्याची बेरीज मावशींच्या वहीशी जुळेना, तेव्हा अर्धा तास तो दोन्ही वह्या घेऊन ओसरीवर बसला आणि चूक त्यानेच शोधली. पन्नास ग्रॅम म्हणजे ०.०५०, आणि अर्धा किलो म्हणजे ०.५००. दशांश अपूर्णांक त्याला मी शिकवले असे म्हणता येणार नाही.

२७ सप्टेंबर २०२४

बरबटीचे एक जुने झाड उपटून मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या. आत गुलाबी रंग दिसला. या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात आणि गुलाबी रंग हे त्यांचे काम चालू असल्याचे लक्षण आहे. “तुरीले बी अशाच गाठी असतेत, आमच्या घरी त्याले रोग म्हणतेत,” असे एक मुलगी म्हणाली. मग ती वडिलांना ओढून शाळेत घेऊन आली.

२ ऑक्टोबर २०२४

आज जयंतीच्या कार्यक्रमानंतर पालकसभा झाली. एका पालकाने स्पष्ट विचारले की मुलांना वावरातली कामे घरी आहेतच, शाळेतही तेच करायचे तर शाळेत कशाला पाठवायचे. प्रश्न रास्त आहे आणि तो जुनाही आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, तिच्यातून झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि हस्तोद्योग केंद्रस्थानी ठेवणारी नयी तालीम पुढे आली. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात सेवाग्रामला आर्यनायकम् पती-पत्नींनी ती प्रत्यक्ष चालवून दाखवली. मुलांच्या उत्पादनातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा, ही अपेक्षा त्या योजनेत होती आणि तिच्यावर तेव्हाच मोठी टीका झाली. मला ती टीका पटते. भाजीच्या किलोंवर शाळेचा हिशेब चालू लागला की मुलाची चूक परवडत नाही, आणि चूक परवडेनाशी झाली की शिक्षक स्वतःच वाफे घालून मोकळा होतो. गेल्या वर्षी माझे तेच झाले होते. याउलट हाताच्या कामातून गणित, विज्ञान व भाषा उलगडते हा त्या योजनेतला दुसरा विचार मला रोज खरा ठरताना दिसतो.

त्या पालकांना मी भाषण दिले नाही. पर्जन्यमापकाची वही आणि मापाड्याची वही दाखवली. त्यांनी दोन्ही बारकाईने चाळल्या व विचारले, “हे याच पोट्ट्यानं लिहिलं?” तो त्यांचाच मुलगा होता.

सभेत दोन गोष्टी ठरल्या. बागेचे काम आठवड्याला दोन तासिकांपेक्षा जास्त नसेल. आणि उशिरा आलेल्या किंवा खोडी केलेल्या मुलाला शिक्षा म्हणून बागेत पाठवायचे नाही. हा दुसरा मुद्दा मला मांडावा लागला, कारण मागच्या पंधरवड्यात असे दोनदा घडले होते. ज्या जागी मूल आपणहून जाऊन बसते ती जागा शिक्षेची झाली तर तिचा उपयोग संपतो. पाळीव शेळी मेल्यावर तिसरीतली एक मुलगी दोन दिवस दोडक्याच्या मांडवाखाली बसून डबा खात होती. तिला कोणी काही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी ती मैत्रिणींत आली.

२५ नोव्हेंबर २०२४

बरेच दिवस नोंद नाही. दिवाळीची सुट्टी, मग निवडणुकीचे प्रशिक्षण, आणि २० तारखेला विधानसभेचे मतदान आमच्याच शाळेत झाले. मंडपाच्या खुंट्यांनी आणि उभ्या केलेल्या दुचाक्यांनी कडेचे दोन वाफे गेले. उरलेले शाबूत आहेत.

दिवाळीत मात्र बाग वाळली नाही. शाळेजवळ राहणाऱ्या सात मुलांनी पाळ्या लावल्या होत्या आणि पाणी घातल्यावर कुंपणाच्या खांबाला टांगलेल्या वहीत वेळ लिहायची असे ठरवले होते. दोन दिवस कोरे आहेत, त्यांपुढे कोणीतरी ‘मामाच्या गावाला’ असे लिहिले आहे.

कापसाच्या वेचणीमुळे मोठी मुले गळू लागली आहेत. आज सातवीत नऊपैकी चार हजर. बागेमुळे हजेरी वाढली, असे अहवालांत लिहायची पद्धत आहे. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत तसे काही दिसत नाही आणि दिसावे अशी अपेक्षाही मी ठेवत नाही, कारण घरची वेचणी मजुरीवर करून घेणे ज्यांना परवडत नाही त्यांची मुले पालकाच्या भाजीच्या वाफ्यासाठी शाळेत येणार नाहीत. एवढे मात्र घडते की गैरहजर मुले संध्याकाळी वावरातून परतताना कुंपणावरून डोकावून जातात.

दिवाळीपर्यंतची एकूण भाजी ४१ किलो ३०० ग्रॅम झाली. म्हणजे शाळेच्या साडेअकरा दिवसांच्या गरजेहूनही किंचित कमी.

११ डिसेंबर २०२४

दसऱ्यानंतर पेरलेला पालक, मुळा आणि सांभार (कोथिंबीर) भरात आहे. आज चवीची पहिली नोंद घेतली. मुळ्याच्या पाल्याची भाजी सर्वांना चमचाभर वाढली आणि प्रत्येकाने एक चिंचोका तीनपैकी एका डब्यात टाकायचा होता : खाल्ली व आवडली, खाल्ली पण आवडली नाही, खाल्लीच नाही. हजर ५८ मुलांपैकी अनुक्रमे २४, २१ आणि १३. आपल्याला हव्या त्या डब्यात मित्राला चिंचोका टाकायला लावणारे दोघे पकडले गेले.

बागेमुळे मुले भाज्या खाऊ लागतात, हे सरसकट विधान मी या नोंदीत करणार नाही. लंडनच्या प्राथमिक शाळांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत केवळ बागकामाने मुलांच्या आहारातील फळे-भाज्या वाढल्याचा फारसा पुरावा मिळाला नव्हता. पुढे अमेरिकेतील टेक्सासमध्ये १६ प्राथमिक शाळांत बागेच्या जोडीला पोषणाचे व स्वयंपाकाचे धडे दिले गेले, तेव्हा भाज्यांचे प्रमाण थोडे, पण मोजता येईल इतके वाढले. म्हणजे वाफ्यापासून ताटापर्यंतचा रस्ता मुलाने स्वतः चालायला हवा. आमच्याकडे त्यासाठी वेगळा खर्च नाही. मावशींनी पाचवीच्या मुलांना निवडायला व धुवायला बसवले, पालकाच्या भाजीवर लिंबू पिळायला लावले आणि लिंबामुळे पालेभाजीतले लोह अंगी लागायला मदत होते हे मी सांगितले. ज्यांनी निवडायला हात लावला त्यांपैकी एकाचाही चिंचोका तिसऱ्या डब्यात गेला नाही. हा पुरावा नव्हे, दहा-अकरा मुलांची गोष्ट आहे.

१५ जानेवारी २०२५

तीच भाजी, तीच पद्धत. हजर ५७, आणि आकडे ३३, १७ व ७. वाढ बागेमुळे, वारंवार चाखल्यामुळे, की यावेळी मावशींनी तिच्यात तिळाचे कूट घातल्यामुळे (काल संक्रांत झाली), हे सांगता येणार नाही. सहावीच्या मुलांनी हा आक्षेप माझ्याआधी काढला. “मॅडम, दोन गोष्टी एकदम बदलल्या,” असे एकजण म्हणाला. या वाक्यासाठी मी वर्षभर वाट पाहत होते, हे त्याला सांगितले नाही.

१३ फेब्रुवारी २०२५

रात्री कुंपण मोडून रानडुकरे शिरली. गाजराचा वाफा पूर्ण उकरला. मुलांचा राग समजण्यासारखा होता, पण त्यांतल्या तिघांच्या घरच्या हरभऱ्याचीही त्याच रात्री नासाडी झाली होती, त्यामुळे बागेचे दुःख लवकर आटोपले. निबंधाचा विषय ‘रानडुकराचे म्हणणे’ असा दिला. कोलाम पोडावरच्या त्या मुलीने दीड पान लिहिले. यापूर्वी तिच्याकडून सहा ओळींपेक्षा जास्त लिखाण आले नव्हते.

२८ मार्च २०२५

वार्षिक अहवालाचा नमुना भरला. क्षेत्रफळ, वाणांची संख्या, उत्पादन किलोमध्ये, छायाचित्रे चार. उत्पादनाच्या रकान्यात वर्षाचे ७८ किलो ६०० ग्रॅम लिहिले. मेथी सडली, एकवीस अळ्या चिरडल्या गेल्या, २.५० चे २.०५० झाले, यांसाठी रकाना नव्हता. ‘इतर माहिती’ या दोन ओळींच्या जागेत ‘सोबत मुलांच्या तीन वह्या जोडल्या आहेत’ असे लिहून वह्यांच्या छायाप्रती जोडल्या.

२४ एप्रिल २०२५

शाळा सकाळची आहे आणि नऊ वाजताच पत्रा तापतो. सुट्टीत हंगामी भाज्या जगवायच्या नाहीत असे मुलांनी मतदानाने ठरवले. मी बाजूने मत दिले नसते तरी निर्णय तोच झाला असता. वाफ्यांवर सोयाबीनचे कुटार (भुसा) पसरले. मुंगना (शेवगा), कढीपत्ता आणि लिंबू या तीन झाडांपाशी गळ्यापर्यंत मडकी पुरली असून मडके भरले की पाणी झिरपून मुळांना मिळते. चार दिवसांआड मडकी भरायची आहेत आणि पाळ्यांची वही खांबालाच आहे. या वेळी सात नव्हे, अकरा नावे आली. त्यांत सातवीतून बाहेर पडणाऱ्या दोघांची आहेत, पुढच्या वर्षी ते तालुक्याच्या शाळेत जातील.

बरबटीच्या वाळलेल्या शेंगा फोडून बी काढले. मापाड्याने ते तोलले नाही, मोजले. पुरचुंडीवर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले : ‘बरबटी. ४१२ बिया. जुलैत २० बिया ओल्या फडक्यात ठेवून बघणे.’ ‘ठेवून’ मधला उकार चुकला होता, तो त्याने खोडून पुन्हा लिहिला. पुरचुंडी राखेत घालून गाडग्यात ठेवली आहे आणि गाडगे स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर आहे.